आपला मृत्युलेख आपणच लिहिणाऱ्या हॅरिएट मार्टिनो

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मान्यवरांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. एखादी मोठी व्यक्ती इस्पितळात दाखल झाल्याचे कळले की उपसंपादक निमूटपणे तिची फाइल काढतो. पुष्कळदा ती व्यक्ती बरी होऊन घरी जाते आणि लेख तसाच पडून राहतो. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण असा लेख ज्याच्यावर लिहायचा त्यानेच लिहून द्यावा, आणि तो तब्बल एकवीस वर्षे कचेरीत वाट पाहत राहावा, असे उदाहरण विरळाच. लंडनच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात २९ जून १८७६ रोजी हॅरिएट मार्टिनो यांच्या निधनानिमित्त जो लेख प्रसिद्ध झाला, तो खुद्द हॅरिएट मार्टिनो यांनीच १८५५ साली लिहून ठेवलेला होता.

त्या वर्षाच्या जानेवारीत लंडनच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि हृदय इतके बिघडले आहे की मृत्यू कोणत्याही दिवशी येऊ शकेल, असे निदान केले. त्या वेळी त्यांचे वय ५२ होते. बाई उत्तर इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात, ॲम्बलसाइड गावच्या आपल्या घरी परतल्या आणि कामाला लागल्या. काही महिन्यांत त्यांनी मोठे आत्मचरित्र लिहून काढले, ते छापवून घेतले आणि मृत्यूनंतरच प्रसिद्ध करावे असे सांगून ठेवून दिले. मृत्युलेखही लिहिला. निरवानिरव झाली, मृत्यू मात्र आला नाही. मग काही काळाने त्यांनी पुन्हा अग्रलेख लिहायला घेतले.

इंग्लंडमधील सुशिक्षित घरांत एके काळी त्यांचे नाव ठाऊक नव्हते असे क्वचितच असेल. पन्नासाच्या घरात पुस्तके आणि एकट्या ‘डेली न्यूज’मध्ये सोळाशेहून अधिक अग्रलेख एवढी त्यांची कमाई. त्यांच्या ओळखीतले डिकन्स आणि जॉर्ज एलियट आजही वाचले जातात, मार्टिनो समाजशास्त्राच्या अभ्यासकांपुरत्या उरल्या. हे असे का झाले, याचे उत्तर त्यांनी स्वतःच त्या मृत्युलेखात देऊन ठेवले आहे; पण त्याकडे जाण्याआधी नॉर्विचला जायला हवे.

नॉर्विच या कापडाच्या व्यापाराच्या शहरात १२ जून १८०२ रोजी हॅरिएटचा जन्म झाला. आठ भावंडांतली ती सहावी. वडील थॉमस मार्टिनो कापडाचे उत्पादक. घराण्याचे पूर्वज धार्मिक छळामुळे फ्रान्समधून आलेले, आणि घरचा पंथ युनिटेरियन, म्हणजे त्रैक्याचे तत्त्व न मानता एकच ईश्वर मानणारा. या पंथाच्या लोकांत मुलींनाही बऱ्यापैकी शिकवण्याची रीत होती, त्याचा हॅरिएटला लाभ झाला. बाकी बालपण सुखाचे म्हणता येणार नाही. आई करड्या शिस्तीची, मुलगी भित्री आणि आजारी. तिला वास येत नसे आणि चवही जवळजवळ कळत नसे. त्यात वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ऐकू येणे कमी होऊ लागले आणि विशी गाठेपर्यंत बहिरेपण पक्के झाले. पुढे कानाला लावायचा कर्णा तिच्या हातात कायमचा आला. समोरच्याने त्या कर्ण्यात तोंड घालून बोलायचे. लंडनच्या दिवाणखान्यांत पुढे या कर्ण्याची बरीच थट्टा झाली. पण तो पुढे केला की समोरच्याला मोजके आणि मुद्द्याचे बोलावे लागते, ही त्यातली सोय बातमीदाराच्या ध्यानात आल्याखेरीज राहत नाही.

धाकटा भाऊ जेम्स हा तिचा जीव की प्राण. हा जेम्स मार्टिनो पुढे युनिटेरियन पंथाचा सर्वांत मोठा विचारवंत झाला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, त्या संस्थेचे प्राचार्यपद जेम्स यांनी त्याआधी, संस्था लंडनमध्ये असताना, भूषवले होते. हॅरिएट लिहू लागली तीही जेम्सच्या सांगण्यावरूनच. टोपणनावाने पाठवलेला तिचा पहिला लेख पंथाच्या मासिकात छापून आला. थोरल्या भावाने, थॉमसने, तो घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि लेखकाची वाखाणणी केली. हॅरिएट गप्पच. अखेर तिने तो आपला असल्याचे कबूल केले, तेव्हा भाऊ गंभीर होऊन म्हणाला की सदरे शिवणे आणि मोजे रफू करणे इतर बायकांवर सोपव, तू हेच कर. त्या क्षणी आपण लेखिका झालो, असे ती मानत असे.

परंतु सुई एवढ्या सहजासहजी सुटली नाही. १८२५ च्या आर्थिक अरिष्टात वडिलांचा धंदा खचला आणि पुढच्या वर्षी वडील गेले. ज्याच्याशी लग्न ठरले होते त्या जॉन वर्दिंग्टनला मनोविकार जडला आणि १८२७ मध्ये तोही वारला. १८२९ मध्ये पेढी पुरती बुडाली. अशा घरातल्या अविवाहित मुलींना त्या काळी एकच मार्ग असे, श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याचा. बहिऱ्या मुलीला तेही शक्य नव्हते. ती दिवसा शिवणकाम करून पैसे मिळवी आणि रात्री लिहीत बसे. या नुकसानीबद्दल हळहळणाऱ्यांना पुढे तिने सांगितले ते वेगळेच. पैसा गेला म्हणून प्रतिष्ठाही गेली, आणि प्रतिष्ठा गेली म्हणून काम करण्याचे स्वातंत्र्य मिळाले. एरवी खानदानी घरातली बहिरी मुलगी म्हणून काटकसरीत आयुष्य सरले असते.

युनिटेरियन संघटनेने तीन निबंधांना बक्षिसे जाहीर केली होती, ती तिन्ही हिनेच पटकावली. त्यानंतर तिला एक कल्पना सुचली. अर्थशास्त्राचे नियम सामान्य माणसाच्या पोटापाण्याशी निगडित आहेत, पण ते त्याला कोणी समजावून सांगत नाही. मग ते गोष्टींतून का सांगू नयेत? मजुरी कशी ठरते, यंत्राने काय होते, मक्तेदारीचे परिणाम काय, संप का फसतात, हे सारे माणसांच्या कथांतून, दरमहा एक पुस्तिका याप्रमाणे. प्रकाशकांनी एकापाठोपाठ एक नकार दिले. देशात पार्लमेंटच्या सुधारणेवरून खळबळ माजली होती आणि कॉलऱ्याची साथ आली होती. अशात अर्थशास्त्राच्या गोष्टी कोण वाचणार? शेवटी चार्ल्स फॉक्स नावाचा लहान प्रकाशक तयार झाला, पण आधी पाचशे वर्गणीदार जमवून आणण्याच्या अटीवर. त्या बोलण्यातून बाहेर पडून लंडनच्या धुक्यात मैलोगणती पायपीट करताना तिला चक्कर आली. एका कुंपणाला टेकून ती कोबीचा वाफा न्याहाळत असल्याचे सोंग करत उभी राहिली. त्या रात्री तिने ठरवले, पुस्तके निघणारच.

पहिली पुस्तिका फेब्रुवारी १८३२ मध्ये निघाली आणि दहा-बारा दिवसांत प्रकाशकाचे पत्र आले. दोन हजार प्रती पुन्हा छापाव्या लागतील, असे पत्रात होते. खाली ताजा कलम होता, तीन हजार. त्याखाली चार. सर्वांत खाली पाच. नॉर्विचच्या टपालखात्याने निरोप धाडला की बाईंची पत्रे न्यायला आता हातगाडी पाठवावी, पोस्टमनला ती उचलत नाहीत. इथून पुढे आपणही त्यांना बाई म्हणावे हे उचित.

१८३२ ते १८३४ या काळात ‘इलस्ट्रेशन्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या मालेचे पंचवीस भाग निघाले, आणि बाई लंडनला राहायला आल्या. महिन्याला एक पुस्तिका म्हणजे आधी विषयाचे वाचन, मग त्यातल्या तत्त्वांची टाचणे, मग पात्रे आणि कथानक. कथा कधी स्कॉटलंडच्या बेटावर घडे, कधी सायबेरियात. सिलोनवरच्या पुस्तिकेत दालचिनी आणि मोत्यांच्या मक्तेदारीने तिथल्या माणसांची कशी उपासमार होते, ते त्यांनी दाखवले. कथा म्हणून आज या वाचताना कंटाळा येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पात्रे बोलू लागली की सिद्धांतच बोलतात. पण ग्राहकाला समजेल अशा भाषेत अर्थकारण लिहिणे किती कठीण, हे आजच्या अर्थपुरवण्या रोज दाखवून देत असतात.

लोकसंख्येवरच्या भागाने गहजब झाला. अविवाहित बाईने प्रजोत्पादन आवरण्याविषयी लिहावे, म्हणून ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ने अत्यंत हीन भाषेत टीका केली. लोकसंख्येच्या सिद्धांताचे जनक माल्थस मात्र स्वतः भेटायला आले. माल्थस यांच्या टाळूत जन्मतः दोष असल्याने त्यांचे बोलणे भल्याभल्यांना समजत नसे. बाई मनातून धास्तावल्या होत्या; एक नीट बोलू न शकणारा आणि एक ऐकू न शकणारी, यांचा संवाद व्हायचा कसा? प्रत्यक्षात कर्णा न लावताही त्यांना सहज ऐकू येई असा त्यांच्या परिचयातला माणूस म्हणजे माल्थसच निघाला.

त्यांची एक चूक इथेच नोंदवली पाहिजे. बाजाराचे नियम त्यांना निसर्गाच्या नियमांसारखे अटळ वाटत. म्हणून १८३४ च्या गरीबविषयक कायद्याची त्यांनी गोष्टी लिहून तरफदारी केली. ज्या गरीबखान्यांचे भीषण चित्र डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये रंगवले, ती याच कायद्याने जागोजाग उभी राहिली. वीस वर्षांनंतर गिरण्यांतल्या यंत्रांना कुंपण घालण्याच्या सक्तीवरून वाद पेटला, तेव्हाही त्या मालकांच्या बाजूने लिहीत होत्या आणि डिकन्सचे साप्ताहिक यंत्रांत सापडलेल्या कामगारांच्या बाजूने. सरकारने धंद्यात ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व त्यांनी माणसांचे हातपाय तुटत असतानाही सोडले नाही.

अमेरिकेत मात्र हाच तत्त्वाग्रह त्यांना वेगळ्या जागी घेऊन गेला. १८३४ ते १८३६ अशी दोन वर्षे त्यांनी कर्णा हातात घेऊन तो देश पालथा घातला. तुरुंग, शाळा, मळे, संसद, सगळीकडे त्या गेल्या. १८३५ मध्ये बॉस्टनला गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या सभेला त्या हजर राहिल्या. थोड्याच दिवसांपूर्वी तिथे जमावाने अशाच सभेवर चाल करून गॅरिसन या संपादकाला रस्त्यातून फरफटवले होते. सभेत बाईंच्या हातात चिठ्ठी आली, दोन शब्द बोलाल का? बोलले तर अमेरिकेतली सगळी दारे बंद होणार, हे त्या जाणून होत्या. त्या उठल्या आणि गुलामगिरीविरोधी तत्त्वांशी आपण सहमत असल्याचे सांगून खाली बसल्या. वृत्तपत्रे तुटून पडली, धमक्या आल्या, पुढच्या प्रवासाचा मार्ग बदलावा लागला. १८३७ च्या ‘सोसायटी इन अमेरिका’मध्ये त्यांनी त्या देशाला त्याचीच स्वातंत्र्याची सनद लावून तपासले. सगळे समान असे म्हणता, मग गुलाम कुठे बसतात? आणि स्त्रियांची संमती कोणी, कधी घेतली? ‘हाऊ टू ऑब्झर्व्ह’ हे १८३८ चे त्यांचे पुस्तक परका समाज कसा पाहावा याविषयी आहे. समाजशास्त्राच्या पद्धतीवरील अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ते मोडते.

१८३९ मध्ये व्हेनिसला असताना त्या आजारी पडल्या आणि पुढची पाच वर्षे टाइनमथ या समुद्रकाठच्या गावी खोलीत पडून राहिल्या. खिडकीशी दुर्बीण. तिच्यातून दिसेल तेवढे जग. या काळात पंतप्रधान मेलबर्न यांनी सरकारी निवृत्तिवेतन देऊ केले, ते त्यांनी नाकारले. ज्यांना मताचा अधिकार नाही त्यांच्याही करातून येणारा पैसा आपण घेऊ नये, आणि सरकारवर टीका करण्याचा हक्क गहाण पडू नये, ही त्यामागची भूमिका. पुढे १८७३ मध्ये ग्लॅडस्टन यांनी पुन्हा विचारले, तेव्हाही उत्तर तेच होते.

१८४४ मध्ये मेस्मेरिझमचे, म्हणजे संमोहनाचे, उपचार घेतल्यावर त्या चालू-फिरू लागल्या आणि त्यांनी ते जाहीर केले. उपचार करणारे सर्जन त्यांच्या बहिणीचे यजमानच होते. ते चिडले, आणि बाईंच्या गर्भाशयाच्या तक्रारींचा तपशीलवार अहवाल एक शिलिंगाची पुस्तिका काढून त्यांनी बाजारात विकला. हे त्यांना फार लागले. मृत्यूनंतरच्या तपासणीत पोटात भलीमोठी गाठ निघाली. संमोहनाने काही बरे झाले नव्हते.

पण बरे वाटत होते तेवढ्या काळाचे त्यांनी सोने केले. लेखणीच्या पैशांतून ॲम्बलसाइडला ‘द नोल’ हे घर बांधले. शेजारचे वृद्ध कवी वर्डस्वर्थ यांनी तिथे झाड लावले आणि व्यवहाराचा सल्लाही दिला. पाहुण्यांना चहा द्यावा, सोबत मांस हवे असेल तर त्याचे पैसे त्यांनी द्यावेत! बाईंनी दोन एकरांत गाई पाळल्या, मजुरांसाठी व्याख्याने दिली, त्यांना हप्त्यांनी घरे बांधता यावीत म्हणून संस्था काढली. १८४६-४७ मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनचा प्रवास केला. तिथे धर्मांची उत्पत्ती पाहता पाहता त्यांचा स्वतःचा धर्म गळून पडला. १८५१ मध्ये हेन्री ॲटकिन्सन या मित्रासमवेतचा पत्रव्यवहार त्यांनी छापला. त्यात ईश्वराला जागा उरली नव्हती. त्याचे सर्वांत जहरी परीक्षण लिहिले ते जेम्सने. ज्याने हाती लेखणी दिली त्याच भावाने जाहीर लेखात बहिणीची शोभा केली. दोघांचे संबंध संपले ते कायमचेच. १८५३ मध्ये त्यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ कोंत यांच्या सहा खंडांचे इंग्रजीत दोन खंड केले. ते इतके सुबोध झाले की कोंत यांनी आपल्या अनुयायांना मुळाऐवजी तेच वाचायला सांगितले, आणि पुढे त्याचे उलट फ्रेंच भाषांतर झाले.

आता वृत्तपत्राकडे. १८५२ पासून १८६६ पर्यंत त्या ‘डेली न्यूज’च्या अग्रलेखांच्या लेखिका होत्या. लेख टपालाने जात. रेल्वे १८४७ मध्येच जवळच्या विंडरमियरपर्यंत पोचली होती. आठवड्याला कधी सहा लेखही होत. विषय कोणताही. अमेरिकेतील यादवी युद्धात इंग्लंडचे वजनदार लोक दक्षिणेकडे झुकलेले असताना बाई गुलामगिरीविरुद्ध, उत्तरेच्या बाजूने लिहीत राहिल्या. लेखाखाली नाव नसे. अग्रलेख पुरुषानेच लिहायचे अशी समजूत असलेल्या काळात हजारो पुरुष रोज सकाळी एका बहिऱ्या बाईचे मत चहाबरोबर घेत होते.

१८५७ च्या उठावाच्या बातम्या आल्या, तेव्हा इंग्रज वाचकाला हिंदुस्थानचा इतिहास मुळीच ठाऊक नाही हे ओळखून त्यांनी तो लेखांतून सांगितला आणि त्याचेच ‘ब्रिटिश रूल इन इंडिया’ हे पुस्तक झाले. पाठोपाठ १८५८ मध्ये भावी राज्यकारभाराविषयी दुसरे. आपल्याला हे वाचताना अवघडल्यासारखे होते. अज्ञानातून सूड घेऊ नये, हा त्यांचा आग्रह खरा, पण ब्रिटिशांनी इथे राज्य करावेच का, हा प्रश्न मात्र त्या विचारत नाहीत. अमेरिकेत स्त्रियांची आणि गुलामांची संमती विचारणाऱ्या बाईंना तो सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

याउलट १८५९ चा ‘एडिंबरो रिव्ह्यू’मधील स्त्रियांच्या कष्टांवरचा त्यांचा लेख. जनगणनेचे आकडे काढून त्यांनी दाखवले की वीस वर्षांवरील साठ लाख स्त्रियांपैकी निम्म्या काम करतात आणि वीस लाखांहून अधिक स्वतःच्या कमाईवर जगतात. बाईला पुरुष पोसतो हे गृहीतच त्यांनी खोडून काढले. त्या लेखाच्या प्रेरणेने स्त्रियांना रोजगार मिळवून देणारी संस्था लंडनमध्ये स्थापन झाली.

मृत्युलेख हीही त्यांच्या हातखंड्याचीच गोष्ट. ‘डेली न्यूज’साठी त्यांनी असे कितीतरी लिहिले, निवडक लेखांचे १८६९ मध्ये पुस्तक निघाले. त्यात एक शार्लट ब्राँटेवर आहे. ती बाईंची मैत्रीण, ॲम्बलसाइडला येऊन राहिलेली. ‘व्हिलेट’ कादंबरीबद्दल मोकळेपणाने मत द्या, असे तिनेच विनवले होते. बाईंनी दिले. सगळ्या स्त्रीपात्रांच्या डोक्यात प्रेमाखेरीज काहीच नाही, असे छापून मोकळ्या झाल्या. शार्लट दुखावली आणि मैत्री तुटली. १८५५ च्या मार्चअखेरीस ती वारली तेव्हा बाई स्वतः मरणाच्या प्रतीक्षेत होत्या. त्या स्थितीत त्यांनी शार्लटवर लिहिले, आणि आदराने लिहिले.

स्वतःवर लिहिताना मात्र हात आखडता घेतला. तृतीयपुरुषी निवेदनात त्या सांगतात की या बाईंकडे प्रामाणिक कळकळ आणि ठरावीक मर्यादेतली बौद्धिक स्पष्टता यापलीकडे मोठे बळ नव्हते. कल्पनाशक्ती बेताची, प्रतिभा तर जवळपासही नाही. जे दिसले ते स्वच्छ दिसले आणि जे कळले ते स्वच्छ सांगता आले. नवे शोधून काढणे त्यांना जमले नाही. दुसऱ्यांनी शोधलेले लोकांपर्यंत नेता आले. यात विनयाचा आव नाही. असा हिशेब जिवंतपणी मांडून तो बंद पाकिटात वृत्तपत्राच्या स्वाधीन करायला कसले काळीज लागते, ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

शेवटची लढाई मात्र त्या मृत्युलेखात नाही, कारण ती लिहिल्यानंतरची आहे. सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्याच्या नावाखाली संशयित स्त्रियांची सक्तीने शारीरिक तपासणी करणारे कायदे इंग्लंडमध्ये १८६४ पासून झाले. तसाच कायदा १८६८ मध्ये हिंदुस्थानातही आला. सांभाळ करणारी लाडकी भाची मारिया १८६४ मध्ये गेली होती, प्रकृतीमुळे १८६६ मध्ये अग्रलेखही थांबले होते. तरी १८६९ च्या अखेरीस ‘डेली न्यूज’मध्ये एक इंग्रज स्त्री या सहीने पत्रे आली. शैली ओळखणारे ओळखून चुकले. जोसेफिन बटलर यांच्या चळवळीच्या जाहीरनाम्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याप्रमाणे त्यांनीही सही केली. लिहिण्याची ताकद कमी झाली तशी सत्तरीकडे झुकलेल्या बाईंनी पुन्हा सुई हातात घेतली आणि भरतकाम करून त्याच्या विक्रीचे पैसे चळवळीला दिले. कायदे इंग्लंडमध्ये १८८६ साली रद्द झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

२७ जून १८७६ रोजी ॲम्बलसाइडच्या घरी त्यांचे निधन झाले. बर्मिंगहॅमच्या की हिल दफनभूमीत आप्तांजवळ त्यांना पुरण्यात आले. दोन दिवसांनी ‘डेली न्यूज’ने तो जुना लेख छापला आणि पुढच्या वर्षी आत्मचरित्र बाहेर आले. जेम्स मार्टिनो त्यानंतर आणखी तेवीस वर्षे जगले.